रोटीने राखलेला खांब

मित्रांनो, ज्याच्या पाठीला पाठ टेकून तीन पिढ्यांनी गरम चहा प्याला आणि त्याहून गरम बातम्या पसरवल्या, असा मी तुतीच्या लाकडाचा एक वृद्ध खांब आहे. जर्दाळूच्या बागांनी वेढलेल्या सरीहौज गावचा सरकारी चहाखाना हे माझे घर. घर म्हणतो खरे. पण ज्याच्या डोक्यावर घर उभे असते, त्याला घरात राहिल्याचे सुख असे फारसे मिळत नाही.

खांब होण्यापूर्वी मी झाड होतो. दर वसंतात बायाबापड्या येत आणि रेशमाच्या किड्यांसाठी माझी कोवळी पालवी ओरबाडून नेत. माझ्या पानांचे रेशीम होऊन ते कोणकोणत्या नववधूंच्या अंगावर मिरवले, हे मला कधी कळले नाही. आपले सर्वस्व कोणी नेले आणि त्याचे काय केले, याची विचारपूस करायची नसते, हा धडा मी तेव्हाच शिकलो. सरकारी इमारतीत नांदताना तो फार उपयोगी पडला.

त्या काळी गावात हशराची रीत होती. हशर म्हणजे साऱ्या गावाने एकत्र येऊन, मोबदला न घेता, हसतखेळत केलेले काम. कोणी माती मळली, कोणी विटा वाहिल्या, आणि उस्ता नझरुल्लो या कारागिराने आम्हा सहा भावंडांना तासून खांबांचे रूप दिले. माझ्या अंगावर त्याने द्राक्षवेल कोरली, वेलीत डाळिंबे कोरली, आणि पुरुषभर उंचीच्या वर कंदील टांगण्यासाठी एक लाकडी खुंटी ठोकली. मग मला दगडी तळखड्यावर उभे करून तो म्हणाला, "उभा राहा बाबा. तुझ्याकडे कुणी पाहिलं नाही तरी चालेल, पण तू वाकू नकोस." त्याची ती आज्ञा मी आजवर पाळली आहे.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. दूरदूरचे पाहुणे माझ्या वेलीवरून बोट फिरवत आणि "वाहवा" म्हणत. पुढे चहाखाना सरकारजमा झाला. त्याला जिल्ह्याच्या कचेरीने, आमच्या भाषेत हुकूमतीने, आपल्या मालमत्तेत नोंदवून घेतले. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून आमच्या दुरुस्तीला प्रारंभ झाला.

एखाद्या वस्तूची दुरुस्ती होणे हे भाग्य मानतात. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. कुठल्याही सणासमारंभाची तारीख जवळ आली की निविदा निघे, मक्ता दिला जाई आणि रंगाचे डबे घेऊन माणसे येत. पहिल्या दुरुस्तीत मी निळा झालो. दुसरीत हिरवा. तिसरीत तपकिरी, कारण मक्तेदाराच्या मते लाकडाला लाकडाचा रंग शोभतो. एकावर एक थर चढून माझी द्राक्षे बुजली, डाळिंबे सपाट झाली, आणि आपण कधीकाळी देखणे होतो हे मी स्वतःच विसरत चाललो.

छपराला मात्र कोणी हात लावला नाही. त्याचे कारण गहन आहे. दुरुस्ती तपासायला जी समिती येई, तिच्या सभासदांची मान ठरावीक उंचीपलीकडे वर होत नसे. डोळ्यांसमोरची भिंत पाहावी, पायाखालची फरशी पाहावी, चहा घ्यावा, भात खावा, सही करावी आणि जावे. गेलेली समिती पुन्हा कधी आली नाही. छप्पर मात्र दर वसंतात गळे, आणि गळे ते नेमके माझ्या डोक्याशी.

या गळतीला गावातले ज्येष्ठ बोबो मिर्झोशरीफ यांनी 'समितीचा झरा' असे नाव दिले होते. बोबो म्हणजे आजोबा. ते त्या धारेखाली आपला चहाचा प्याला धरीत आणि म्हणत, "वरनं पाठवलंय हो. हुकूमतीकडून आम्हाला मिळतं ते एवढंच. नाही कसं म्हणायचं?"

आता मी ज्यांच्यामुळे आज तुमच्याशी बोलू शकतो, त्या रोबिया-अपांची ओळख करून देतो. अपा म्हणजे थोरली बहीण. साऱ्या गावाच्या त्या अपाच. चहाखान्यातला समोवार, म्हणजे पाणी उकळण्याचे ते मोठे पितळी भांडे, त्यांच्या ताब्यात. नवरा लवकर गेला. सियोवुश हा एकुलता मुलगा. गावात काम मिळेना, तेव्हा सियोवुशने परमुलखातल्या थंड शहराची वाट धरली. तिथे तो मोठमोठ्या इमारतींच्या भिंती लिंपतो.

ज्या दिवशी तो निघाला, त्या दिवशी गाडी चहाखान्यापुढेच उभी होती. आमच्याकडे दूर जाणाऱ्याने ताज्या रोटीचा एक घास चावायचा आणि उरलेली रोटी उंच टांगून ठेवायची, अशी चाल आहे. जाणारा परत येईल आणि आपली उरलेली रोटी स्वतः संपवील, तोवर तिला कोणी हलवायचे नाही. चावलेला घास माणसाला ओढून आणतो, असे आम्ही मानतो. ही रोटी घरच्या भिंतीवर टांगायची; पण अपा तंदुरातून रोटी काढून धावत आल्या तेव्हा गाडीवाला सारखा भोंगा वाजवत होता आणि घरी जायला वेळ उरला नव्हता.

"अगं अम्मा, तोंड भाजलं!" सियोवुश घास चघळत ओरडला.

"भाजू दे. म्हणजे आठवण राहील," अपा म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, कारण हातात रोटी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. बाकावर चढून, रोटीला फडक्याची झोळी करून, त्यांनी ती माझ्या खुंटीवर अडकवली.

मित्रांनो, मी आयुष्यभर छप्पर पेलले. पण त्या क्षणी जे ओझे माझ्यावर आले, त्याच्यापुढे छप्पर हलके वाटले.

दोन हिवाळे गेले. सियोवुश फोन करी, पण येणे होईना. अपा रोज सकाळी समोवार पेटवण्याआधी माझ्याजवळ येत, मान वर करून रोटी पाहत, मला हळूच थोपटत आणि कामाला लागत. गळती त्या बाजूला वाढली की बाकावर चढून झोळीवर प्लास्टिकचा तुकडा बांधीत. आमच्या गावात मान वर करून पाहणारी तीच एक समिती होती.

आणि मग मोठ्या दुरुस्तीची निविदा निघाली. या वेळी केवळ रंग नव्हे. चहाखान्याला युरोपी थाट द्यायचा होता. हुकूमतीच्या बांधकाम खात्याचे दिलोवर झोकिरोविच हे साहेब आराखडा घेऊन आले. त्यांना वडिलांच्या नावासकट हाक मारली नाही तर त्यांना ती ऐकू येत नसे. सर्वांत कमी दराची निविदा भरून काम घेतलेले मक्तेदार कुर्बोनाली त्यांच्या मागे उभे होते. माणूस भला, पण त्यांचा चेहरा सदैव कोणीतरी आत्ताच रागावून गेल्यासारखा असे.

"हे सहाही खांब जातील," दिलोवर झोकिरोविच म्हणाले. "त्यांच्या जागी पांढरे, गोल, वर फुलं असलेले. मध्ये लोखंडी नळी, बाहेर प्लास्टिक. आणि वर चकचकीत ताणलेलं छत. आरशासारखं!"

"आणि छप्पर?" बोबोंनी विचारले.

"छत लावल्यावर छप्पर दिसणारच नाही, बोबो."

"आम्हाला दिसत नाही हो. पावसाला दिसतं," बोबो म्हणाले.

अपांनी साहेबांना चहा दिला. आमच्याकडे सन्माननीय पाहुण्याचा प्याला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरण्याची संधी मिळते. काठोकाठ भरलेला प्याला पुढे आला की समजावे, आता उठावे. अपांनी साहेबांचा प्याला असा भरला की तो उचलतानाच त्यांच्या पाटलोणीवर सांडला.

काम सुरू झाले. एकेक करून माझी पाच भावंडे काढली गेली. त्यांतला एक भाऊ अंगणात आडवा पडून बाकाचे काम करू लागला. दुसऱ्याचे काय झाले, ते एका लग्नाच्या पंगतीत मोठ्या कढईखालचा जाळ पाहून मला उमगले. भात उत्तम शिजला होता, असे लोक म्हणाले. भावाची शेवटची स्तुती मी अशी ऐकली.

मग सारे माझ्यापाशी आले, आणि थांबले.

"काढा ती झोळी," कुर्बोनाली म्हणाले.

"तुम्ही काढा की, उस्ता," एक गवंडी म्हणाला. "माझा भाऊपण तिकडंच आहे. मी नाही कुणाच्या रोटीला हात लावणार."

"मग तू काढ."

"माझी आई मला घरात घेणार नाही."

कुर्बोनालींनी शेवटी स्वतः शिडी लावली. दोन पायऱ्या चढले, रोटीकडे पाहिले, खाली उभ्या असलेल्या अपांकडे पाहिले, आणि उतरले. "शिडी हलतेय," ते म्हणाले. शिडी मुळीच हलत नव्हती, मित्रांनो. ती मलाच टेकली होती.

मग त्यांनी एक अपूर्व तोडगा काढला. साऱ्या चहाखान्याला चकचकीत छत लावले, पाच पांढरे खांब उभे केले, भिंती गुळगुळीत केल्या, आणि मला व माझ्याभोवतीच्या हातभर जागेला तसेच ठेवले. छताला माझ्यापाशी गोल छेद दिला. हे पाहून दिलोवर झोकिरोविच संतापले.

"पाच पांढरे आणि एक तपकिरी? वरून समिती येतेय! काय सांगू त्यांना, सहाव्या खांबाला रोटी लागली होती?"

"खरं तेच सांगा," अपा शांतपणे म्हणाल्या.

"हे बघा अपा, सरकारी आराखड्यात रोटी नाही."

"सरकारी आराखड्यात माझा मुलगाही नाही, दिलोवर झोकिरोविच. म्हणून तो नाहीच का?"

साहेब थोडे वरमले. पण वरमलेला साहेब अधिक धोकादायक असतो. त्यांनी निर्णय दिला की समितीच्या दिवसापुरते मला साटिनच्या पडद्यात गुंडाळावे, आणि समिती गेल्यावर त्याच संध्याकाळी कापावे. रोटी अपांनी आपल्या हाताने उतरवून घरी न्यावी. नाही उतरवली, तर खांब पडेल तेव्हा तीही पडेल.

मुलगा परतण्याआधी आईनेच त्याची रोटी उतरवायची, म्हणजे तो येणार नाही असे तिनेच कबूल करायचे. अपा माझ्याजवळ आल्या, माझ्या थरांवर थर चढलेल्या अंगावर तळवा ठेवला, आणि तसाच बराच वेळ ठेवला. इतकी वर्षे उभा असून त्या दिवशी प्रथमच मला उस्ता नझरुल्लोची आज्ञा मोडून खाली बसावेसे वाटले.

समितीचा दिवस उजाडला. जर्दाळूचा फुलोरा ऐन भरात होता आणि आदल्या दिवसापासून पाऊस लागला होता. प्रांताच्या राजधानीतून समितीचे प्रमुख अब्दुलअहद समदोविच आले. ते प्रशस्त देहाचे, सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी फीत कापली, भिंत पाहिली, फरशी पाहिली आणि "छान, छान" म्हणत आसनावर बसले. मी साटिनमध्ये नवरीसारखा उभा होतो.

चहा झाला. भात आला. आणि तेव्हा, मित्रांनो, वर काहीतरी होऊ लागले. गळके छप्पर आपले काम निष्ठेने करीत होते; पण आता पाणी खाली न येता चकचकीत छताच्या पाठीवर साठत होते. समदोविच साहेबांच्या बरोब्बर डोक्यावर त्या छताला पोट येऊ लागले. आधी वाटीएवढे; मग कलिंगडाएवढे; मग त्याहून मोठे.

साहेबांखेरीज साऱ्यांनी ते पाहिले. पण मान्यवरांच्या पंगतीत असल्या गोष्टींकडे बोट दाखवणे सभ्यपणाचे नसते. कुर्बोनाली हळूच उठले, फडके गुंडाळलेली एक काठी घेऊन साहेबांच्या मागे उभे राहिले, आणि त्या पोटाला खालून आधार देऊ लागले.

"हे का उभे आहेत?" समदोविच साहेबांनी विचारले.

"आपल्या सन्मानार्थ," दिलोवर झोकिरोविच म्हणाले.

"आणि काठी?"

"तीही सन्मानार्थच."

बोबो मिर्झोशरीफ माझ्या शेजारी बसले होते. ते आपल्या दाढीत पुटपुटले, "छताला दिवस भरत आलेत. सुईण बोलवा."

भात संपला. साहेबांनी सही करण्यासाठी लेखणी काढली, तोच रोबिया-अपा पुढे आल्या. त्यांच्या हातात नक्षीदार फडके होते, आणि फडक्यावर तंदुरातून नुकतीच काढलेली, तीळ लावलेली रोटी. अपांचा आवाज स्वच्छ होता.

"समदोविच साहेब, आपण लांबच्या वाटेला निघालात. आमच्याकडनं रोटी न चावता कुणी जात नाही. एक घास घ्यावा."

रोटीला नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात जन्मलेला नाही, आणि ती चावण्याचा अर्थ न समजणाराही नाही. समदोविच साहेबांनी रोटीकडे पाहिले, अपांकडे पाहिले, लेखणी खाली ठेवली.

"अपा, म्हणजे मला परत यावं लागणार."

"इतक्या समित्या आल्या आणि गेल्या, साहेब. आम्हाला वाटलं, एक तरी परत यावी."

कोणीतरी खोकले. बहुधा बोबो, पण ते हसणेही असू शकेल. समदोविच साहेबांनी मोठा, प्रामाणिक घास घेतला. तीळ त्यांच्या मिशीला लागले. अपांनी उरलेली रोटी फडक्यात बांधली, बाक ओढला, त्यावर चढल्या आणि एका हिसक्याने माझ्यावरचा साटिनचा पडदा खाली ओढला.

मी तपकिरी, पोपडे सुटलेला, पाच पांढऱ्या, फुले मिरवणाऱ्या खांबांमध्ये उघडा पडलो. खुंटीवर सियोवुशची झोळी होती. तिच्या शेजारी अपांनी साहेबांची रोटी टांगली.

आपली रोटी कुठे जाते हे पाहण्यासाठी समदोविच साहेबांनी मान वर केली. मित्रांनो, सरीहौजच्या इतिहासात समितीची मान वर झाली ती ही पहिली वेळ! त्यांना रोटी दिसली. मग रोटीशेजारचे छत दिसले. मग छताचे पोट दिसले.

"दिलोवर झोकिरोविच," ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "वर काय आहे?"

"शोभा आहे, साहेब."

"शोभेत पाणी असतं?"

तेवढ्यात कुर्बोनालींचा थकलेला हात अवघडला. काठी किंचित सरकली, छताच्या गोल छेदातून एक थेंब माझ्या अंगावर उतरला, खुंटीशी थबकला, आणि समदोविच साहेबांच्या रोटीच्या फडक्यावर पडला. टप्.

"माझी रोटी भिजतेय," साहेब म्हणाले. आता त्यांच्या आवाजात सौम्यपणा नव्हता. आपली परतीची वाट भिजताना पाहणाऱ्या माणसाची धास्ती होती. "ही भिजून कुजली, तर मी परत काय खायला येऊ? आणि ती शेजारची कुणाची?"

"माझ्या मुलाची," अपा म्हणाल्या. "दोन हिवाळे झाले. संध्याकाळी हा खांब कापणार आहेत."

साहेबांनी लेखणी खिशात ठेवली. सही झाली नाही. "आधी छप्पर," ते म्हणाले. "मग बाकीची शोभा. आणि या खांबाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. माझी रोटी आहे त्याच्यावर."

"आमचंही तेच म्हणणं होतं," बोबो म्हणाले, "पण आमची रोटी लहान पडली."

त्यानंतर जे झाले ते मी आजही आश्चर्याने आठवतो. छप्पर उतरवले गेले. कुजलेल्या तुळया बदलल्या, नवे पत्रे आले, पन्हळी आल्या, आणि कुर्बोनाली स्वतः वर चढून बादलीने पाणी ओतून खात्री करू लागले. खाली दिलोवर झोकिरोविच रोटीखाली तळहात धरून ओरडत, "अजून ओता! कोरडं आहे! अजून ओता!" इतक्या निष्ठेने कोणा सरकारी इमारतीची काळजी घेतल्याचे मी ऐकलेले नाही. चकचकीत छत गेले. माझ्या अंगावरचे थर एका गवंड्याने हलक्या हाताने खरवडले. तपकिरी निघाला, हिरवा निघाला, निळा निघाला, आणि त्यांच्याखाली माझी द्राक्षे जशीच्या तशी होती. मी लाजलो. लाकडाला लाजता येत नाही असे म्हणतात, म्हणोत.

त्याच शरदात सियोवुश आला. दारातून शिरताच तो सामान टाकून माझ्याकडे धावला. अपांनी रोटी उतरवली, त्याच्या हाती दिली आणि स्वतः तोंड फिरवून समोवाराशी उगाच काहीतरी करीत राहिल्या. त्याने रोटी चहात बुडवली, पुन्हा बुडवली.

"अम्मा, ही रोटी आहे की वीट?"

"वीट असती तर दिलोवर झोकिरोविचनी केव्हाच कुठंतरी लावून टाकली असती. खा गुपचूप."

तो शेवटच्या कणापर्यंत खात बसला. अपा त्याच्याकडे पाहत बसल्या. त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

वर्ष उलटल्यावर समदोविच साहेबही आले. कुठलाही समारंभ नसताना, पावसात, पत्नीला घेऊन. त्यांनी आधी मान वर केली, मग बसले. आपली रोटी चहात भिजवून त्यांनी हिमतीने संपवली, समाधानाने हात झटकले आणि म्हणाले, "चला, सुटलो एकदाचा." उठून वळतात तो अपा समोर उभ्या, हातात ताजी, तीळ लावलेली रोटी.

"लांबच्या वाटेला निघालात, साहेब."

सारा चहाखाना हसला, साहेबांच्या पत्नी सर्वांत जास्त. साहेबांनी निमूटपणे घास घेतला.

मित्रांनो, वसंतात सियोवुशही पुन्हा निघाला; गावात काम अजून मिळत नाही, त्याला मी काय करणार? माझ्या खुंटीवर आज दोन रोट्या आहेत. अपा रोज सकाळी येतात, मान वर करून दोन्ही पाहतात आणि मला थोपटतात. माझे तुमच्याजवळ फार मोठे मागणे नाही. पुढे तुमच्यापैकी कोणी इमारती बांधील, कोणी दुरुस्त करील, कोणी त्यांवर सह्या करील. सही करून निघताना तिथे आपला एखादा अर्धा घास ठेवून जा. म्हणजे परत यावे लागेल, आणि परत आलात की मान वर करून पाहाल. इकडे रात्रीपासून पाऊस लागला आहे. बोबोंनी सवयीने माझ्याशेजारी प्याला धरला होता. बराच वेळ वाट पाहून त्यांनी तो खाली ठेवला, कोरड्या तळाकडे पाहिले, आणि जरा रुसूनच म्हणाले, "अपा, आता चहा तुम्हालाच द्यावा लागणार."